इंजिनामागची भिंत

इंजिन बाहेर काढलं आणि मागची पत्र्याची भिंत उघडी पडली. तिची पार चाळण झाली होती. सासूबाईंनी बॉनेटखाली डोकं घातलं आणि कपाळावर हात मारला. इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधला हा आडवा पत्रा. ज्याच्या ज्याच्या हातात गाडी गेली, त्याने त्यात मनाला येईल तिथे भोक पाडून ठेवलं होतं. कुणी हॉर्नसाठी, कुणी रेडिओसाठी, कुणी बहुतेक हौस म्हणूनच.

जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या सासूबाईंनी ही गोल दिव्यांची गाडी भंगारवाल्याच्या तावडीतून सोडवून आणली होती. असल्याच गाडीवर त्या पहिल्यांदा स्टेअरिंग धरायला शिकल्या होत्या. सून गॅरेजमध्ये पत्र्याचं काम करायची. त्यामुळे सुट्टी आली की दोघींचा मुक्काम घरामागच्या शेडमध्ये.

"मला ही भिंत आरशासारखी हवी," सासूबाईंनी फर्मान काढलं. "एकही भोक नको, एकही खड्डा नको."

"आई, आधी जुना रंग तर खरवडू. आणि सगळीच भोकं बुजवून कसं चालेल?"

सुनेने मोठ्या, कामाच्या भोकांत चिंध्या कोंबल्या. एक लहान भोक तेवढं ठेवायचं होतं, त्याच्याभोवती खडूने गोल केला. मग ती वेल्डिंगचं सामान आणायला गेली. इकडे सासूबाईंनी पदर खोचला, तारेचा ब्रश घेतला आणि भिंतीवर तुटून पडल्या. वर्षानुवर्षांचं तेल, गंज, रंगाचे पापुद्रे, सगळं खाली आलं. शेवटी थिनरच्या फडक्याने त्यांनी पत्रा असा लख्ख पुसला की सून आल्या आल्या म्हणाली, "बाई गं! हीच का ती?"

मग खरी मजा सुरू झाली. सासूबाई दिवा घेऊन गाडीत बसल्या. सून इंजिनाच्या बाजूला. जिथून उजेड येईल तिथे वेल्डिंगचा टाका. एक टाका इकडे, तर दुसरा पार तिकडे, कारण एकाच जागी उष्णता गेली की पत्रा फुगतो.

"बुजलं?" आतून आवाज यायचा.

"बुजलं! आता डावीकडे, वर!"

"घे, धरला दिवा! मार!"

दोघींना जेवणाचीही शुद्ध राहिली नाही. शेवटी सून ओरडली, "आई, दिवा चालू आहे ना?"

"आहे की!"

"मग जिंकलो! उजेडाचा ठिपकासुद्धा नाही!"

सासूबाई धडपडत बाहेर आल्या आणि त्यांनी सुनेला घट्ट मिठी मारली. तिच्या वेल्डिंगच्या टोपाचा नाकाला सणसणीत फटका बसला, तरी हसतच होत्या.

पुढच्या काही सुट्ट्या घासण्यात गेल्या. पुट्टी भरायची, वाळली की पॉलिश पेपर मारायचा, डोळे मिटून तळवा फिरवायचा, कुठे उंचवटा लागला की पुन्हा घासायचं. मग प्रायमर आणि त्यावर फिकट निळा रंग. रंग वाळला तेव्हा भिंतीत दोघींचे चेहरे दिसायला लागले.

सासरे चहा घेऊन आले. त्यांनी मनापासून वाहवा केली, मग गाडीत डोकावले.

"सुंदर! पण काय गं, ॲक्सिलरेटरची तार कुठून जाणार?"

सुनेने घाईघाईने भिंतीवर तळवा फिरवला; भोक कुठेच लागेना.

"मी खडूने गोल केला होता," सून हळूच म्हणाली.

"खडू?" सासूबाईंचा आवाज बारीक झाला. "तो मी पुसला. मला वाटलं, कुणीतरी रेघोट्या मारल्यात."

सुनेने डोक्याला हात लावला. "आणि मी वेडी! उजेड अजिबात नाही म्हणून नाचत होते! त्या भोकातून तरी यायला नको होता का?"

सासऱ्यांना हसू आवरेना. चहा बशीत कमी, अंगावर जास्त सांडला.

आतली बाजू गालिच्याखाली जाणार म्हणून दोघींनी घासली नव्हती. सून पॅडलपाशी आडवी झाली आणि बोटाने चाचपडत तिने वेल्डिंगचा तो टाका शोधून काढला. माप घेऊन निळ्या रंगावर चिकटपट्टी लावली आणि ड्रिल सासूबाईंच्या हातात दिलं.

"मी? एवढा सुंदर रंग! मला नाही जमायचं."

"तुम्हीच पुसलंत ना? मग तुम्हीच पाडा. मी आहे इथे."

सासूबाईंनी श्वास रोखला. ड्रिल किंचाळलं, पत्र्याचा बारीक भुगा उडाला आणि टोक आरपार गेलं. चिकटपट्टी काढली तर रंगाला ओरखडासुद्धा नव्हता.

"अहो, बघा, बघा!" त्या सासऱ्यांना ओढतच घेऊन आल्या. "कसलं गोल पडलंय!"

पुढच्या सुट्टीला सुनेच्या गॅरेजमधल्या मेकॅनिकने इंजिन बसवलं आणि किल्ली सासूबाईंच्या हातात दिली. गाडी दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा सुरू झाली. सुनेने बॉनेट लावायला हात वर केला, तशा सासूबाई खिडकीतून ओरडल्या, "थांब, थांब! शेजारच्या काकू येऊ देत आधी. त्यांना दाखवल्याशिवाय लावायचं नाही!"

सून तोवर काकूंच्या दारापर्यंत पळत पोचलीही होती.