चिन्ह झालेली तिवई

मित्रांनो, रस्त्यात मी दिसले तर तुम्ही मागे वळूनही बघणार नाही. फणसाच्या लाकडाची एक जुनी तिवई, एवढीच माझी ओळख. पाय तीन, बैठक गोल, उंची तुमच्या गुडघ्याहून थोडी जास्त. तंजावूरच्या आमच्या घरात मला मुक्काली म्हणतात. तमिळमध्ये तिवईला तेच नाव आहे, आणि आमच्या घरची मराठी असे शब्द सहज उचलते. तरी गेल्या निवडणुकीत जवळच्या पापनाशम गावच्या भिंतींवर माझं चित्र रंगवलेलं होतं, आणि मतदानाच्या यंत्रावरही होतं. ते कसं घडलं आणि त्यात माझ्या हातून काय चुकलं, ते सांगते.

माझा जन्म वीणा करणाऱ्या एका सुताराकडे झाला. वीणा फणसाच्या लाकडाची करतात. पण माझा ओंडका कोरताना आत चीर निघाली, आणि चिरलेलं लाकूड गात नाही. सुताराने त्यातला चांगला भाग कापून, तासून मला घडवलं आणि दुकानाच्या दारात मांडलं. तिथून सीतारामराव वकिलांनी मला राजवाड्यामागच्या गल्लीत आणलं. त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली हीच त्यांची कचेरी. तिथे खुर्ची एकच होती, ती त्यांची. पक्षकारांसाठी मी. पक्षकाराला खुर्ची दिली की तो वकिलालाच सल्ला द्यायला लागतो, असं ते म्हणायचे.

सीतारामराव गेले आणि त्यांची मुलगी भामा त्या खुर्चीत बसू लागली. कागद आणि तारखा सांभाळणारे गुमास्ते शेषाद्री मात्र तेच राहिले. भामाने येणाऱ्यांसाठी चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, पण मला हलवलं नाही. तिची मुलगी हरिता माझा पाय धरूनच उभी राहायला शिकली. आता ती दुसरीत आहे. मराठी सगळी समजते, उत्तर तमिळमध्ये देते, आणि कोणी रागावलं की माझ्याखाली लपायला बघते. आता मावत नाही, तरी बघते.

माझ्यावर बसणाऱ्यांत मला सगळ्यांत जास्त आठवते ती कमलाक्षी. सत्तरी ओलांडलेली, गुडघे धरलेले; आमच्याकडे सगळे तिला पाट्टी, म्हणजे आजी, म्हणत. खुर्चीत बसली की उठताना तिला कुणाचा तरी हात लागे. माझ्यावरून ती आपली आपण उठे. पापनाशमच्या पुढे, पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला तिचं एकरभर भाताचं शेत. पाटाच्या वरच्या अंगाला एक लग्नाचा मंडप, म्हणजे पक्कं मंगल कार्यालय, उभा राहिला, आणि गाड्या लावायला जागा हवी म्हणून मंडपवाल्याने पाट बुजवला. शेत कोरडं पडलं. भामाने तिचा खटला नऊ वर्षं लढवला आणि जिंकला. अपिलातही जिंकला. पाट मोकळा करा, असा हुकूम झाला. पाट मोकळा झाला नाही. अधिकारी आले, बदलून गेले. मंडपाच्या दारावर दोन्ही मोठ्या पक्षांचे फलक लागत, कारण दोन्हीकडची लग्नं तिथेच होत.

दुसरा निकाल हातात घेऊन कमलाक्षी माझ्यावर बसली होती. तिने कागद उलटसुलट करून पाहिला.

"वकीलम्मा, कागद छान आहे," ती म्हणाली. "शेतात पसरला तर शेत भिजेल का?"

भामाने तो कागद घेऊन फाइलीत ठेवला. पण मला वाटतं, त्याच दिवशी तिचं ठरलं. दोन महिन्यांनी ती एका लहानशा पक्षात गेली. पाणवाटांचा पक्ष, असं त्याच्या तमिळ नावाचं मराठीत होईल. बुजलेले पाट आणि तळी मोकळी करायची, एवढंच त्यांचं म्हणणं. विधानसभेला पापनाशममधून भामा उभी राहिली.

शेषाद्री घरात तिला एकेरी हाक मारत, पक्षकारांसमोर मॅडम म्हणत. त्या दिवशी खोलीत कुणी नव्हतं. "दोन हत्ती लढताहेत आणि मध्ये तू शेळी घेऊन निघालीस," ते म्हणाले. भामा म्हणाली, "मामा, शेळी निदान बुजलेल्या पाटातलं गवत तरी खाईल." शेषाद्रींचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. राजकारणात गेलेला वकील तारखेला येतो की नाही, या भीतीने काही पक्षकार आपले कागद परत घेऊन गेले. मी जिथे दिवसभर रिकामी नसायची, तिथे दुपारभर रिकामी राहू लागले.

मोठ्या पक्षांची चिन्हं ठरलेली असतात. लहानांना यादीतून मागावं लागतं. भामाने बादली मागितली, ती चिठ्ठी टाकून दुसऱ्याला गेली. हातपंपही गेला. तिसऱ्या पसंतीला तिने तिवई लिहिली होती. ती मिळाली.

शेषाद्रींचा सगळा विरोध त्या संध्याकाळी मावळला. आपल्या कचेरीतलीच मुक्काली चिन्ह व्हावी, हा त्यांना शुभशकुन वाटला. त्यांनी मला हळदीच्या पाण्याने धुतलं, चंदन-कुंकू लावलं, मोगऱ्याचा हार घातला. दिवसा मला जीपच्या टपावर बांधून गावोगाव नेत. परत आल्यावर चौरंगावर ठेवत. तिवईला चौरंग! आणि सगळ्यांना सक्त ताकीद: चिन्हावर कुणी बसायचं नाही. हरितानेसुद्धा नाही.

मित्रांनो, खोटं कशाला सांगू? मला ते आवडलं. इतकी वर्षं लोक माझ्यावर बसले, पण माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. आता बायका जीपकडे बोट दाखवून पोरांना सांगत, ती बघ मुक्काली.

एके दिवशी जीप दुरुस्तीला गेली. भामा दुचाकीवरून प्रचाराला निघाली आणि मी घरी चौरंगावर राहिले. खुर्च्या सगळ्या पक्षाच्या सभेला गेल्या होत्या. शेषाद्री जमिनीवर बसून पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. दहाच्या सुमाराला कमलाक्षी आली. बस बदलून आली होती. खोलीत शिरली आणि सवयीने सरळ माझ्याकडे वळली.

"पाट्टी, त्यावर नको," शेषाद्री म्हणाले. "ते चिन्ह आहे."

"बसलं तर काय होतं?"

"मतं जातात."

तिने माझ्या हाराकडे पाहिलं आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. काय काम आहे, असं शेषाद्रींनी एकदा विचारलं. वकीलम्मांना सांगेन, ती म्हणाली. तासभर ती उभी होती. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकताना तिचे ओठ घट्ट मिटत, ते मी बघत होते. मग बाराची बस चुकेल म्हणून ती निघून गेली. त्या वेळी मला एवढंच वाटलं की आपला हार चुरगळला नाही, बरं झालं. हे सांगताना आज लाज वाटते.

त्यानंतर सहा दिवसांनी सकाळी भामा हरिताची वेणी घालत होती. हरिता तमिळमध्ये एकेक गोष्ट सांगत होती: मांजराची, शेजारच्या अखिलाच्या नव्या सायकलची, आणि मध्येच कमलाक्षी पाट्टीची. मामांनी तिला खूप वेळ उभं ठेवलं, आणि तिचे पाय थरथरत होते.

भामाचा हात वेणीवरच थांबला. तिने शेषाद्रींना बोलावून विचारलं.

"विशेष काही नसेल," ते म्हणाले. "असतं तर बोलली नसती का?"

"उभ्याने कोण सांगतं, मामा?"

वेणी एकच झाली होती. दुसरी बाजू तशीच मोकळी सोडून भामा उठली. जीपमध्ये ती होती, टपावर मी, आणि पुढच्या सीटवर शेषाद्री. कमलाक्षीच्या गावात मंडपासमोर जीप थांबली. बुजवलेल्या पाटावर नवाकोरा सिमेंटचा थर घातला होता. त्यावर ओली पोती अंथरली होती आणि मंडपाचा रखवालदार पाइपने त्यांवर पाणी मारत होता. पाटात नव्हतं ते पाणी पाटावर पडत होतं. नुसती माती असती तर चार माणसांनी एका दिवसात उकरली असती. आता ते काम मोठं झालं.

कमलाक्षी घराच्या ओट्यावर बसली होती. ती चिडली नाही, रडली नाही. गज आणि वाळू येऊन पडली त्याच सकाळी ती तंजावूरला आली होती, एवढं तिने सांगितलं.

"मी आले होते," ती म्हणाली. "तुमची मुक्काली पूजेला बसली होती."

शेषाद्री खाली बघत राहिले. माझं म्हणाल तर, टपावरून मला कुठेही बघता येईना.

जूनमध्ये वर धरणाचं पाणी सुटतं. त्याआधी पाट मोकळा झाला नाही तर आणखी एक वर्ष शेत पडीक राहणार, आणि ते विकत घ्यायला मंडपवाला टपूनच होता. इकडे प्रचाराचे तीन दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी पापनाशमच्या बसस्टँडजवळ पक्षाची सगळ्यांत मोठी सभा होती. भामाने पक्षाच्या लोकांना फोन करून सांगितलं की ती येणार नाही, कोर्टात जाणार आहे. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. उमेदवारच नसेल तर लोक म्हणतील मैदान सोडलं, असं ते सांगत असणार. भामाने सगळं ऐकून घेतलं आणि काळा कोट इस्त्रीला काढला.

त्या दुपारी शेषाद्रींनी माझा हार स्वतःच्या हाताने काढला. ओल्या फडक्याने कुंकू पुसलं, मला टंकयंत्रासमोर ओढलं आणि माझ्यावर बसून अर्ज टाइप करायला घेतला. इतक्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदाच बसले. बरेच जड आहेत.

दोन दिवस कोर्टात गेले. काम तसंच थांबवायचा हुकूम मिळाला, आणि पाहणी करायला कोर्टाने एका तरुण वकिलाला नेमलं. पाहणी निवडणुकीनंतर व्हायची होती. सभा उमेदवाराशिवाय झाली आणि लवकर संपली.

मतदानाच्या दिवशी भामा गावच्या शाळेतलं केंद्र बघायला गेली. केंद्रापासून शंभर मीटरांच्या आत कुठलंही चिन्ह न्यायचं नाही, असा नियम आहे. तिथे चुन्याची पांढरी रेघ मारली होती. जीप रेघेबाहेर उभी राहिली आणि मी जीपमध्ये. आत यंत्र बंद पडलं होतं, रांग उन्हात खोळंबली होती, आणि रांगेत कमलाक्षी होती. भिंतीला हात टेकून उभी. शेषाद्रींचा हात माझ्याकडे गेला. नुसतं बसायला, ते म्हणाले. भामाने मान हलवली. नियम दुसऱ्यांना लावायचा आणि आपण मोडायचा, हे तिला जमणार नव्हतं. तिने समोरच्या चहाच्या दुकानातून प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि स्वतः घेऊन निघाली.

मोठ्या पक्षाचा एक माणूस दारात उभा होता. "मॅडम, चिन्ह नेताय?" त्याने हटकलं.

"खुर्ची कुणाचंच चिन्ह नाही," भामा म्हणाली. "म्हणून तर तुम्हा सगळ्यांना ती हवी असते."

तो माणूसही हसला आणि वाट सोडून बाजूला झाला. मी शंभर मीटरांवरून बघत होते. कमलाक्षी खुर्चीत बसली, आणि पुढे उठताना भामाने तिला हात दिला. माझं काम दुसरं कुणीतरी करत होतं, आणि ज्या मानापायी मी ते टाळलं होतं, त्याच मानापायी मला आता रेघेबाहेर राहावं लागलं होतं.

भामा हरली. तिसरी आली, आणि दुसऱ्या क्रमांकापासूनही बरीच लांब. कमलाक्षीच्या गावात तिला एकोणीस मतं मिळाली. शेषाद्रींनी दोनदा मोजून पाहिलं. "अगं, आपले पक्षकारच तिथे तीस आहेत," ते म्हणाले. भामा म्हणाली, असू देत, खटले तिसांचेही लढवायचेत.

गेलेल्या पक्षकारांतले निम्मे परत आले, निम्मे आले नाहीत. तिने पक्ष सोडलेला नाही. पंचायतीच्या निवडणुका आल्या की गावोगाव माणसं उभी करायचीत, त्याच्या बैठका कचेरीतच होतात. मेच्या कडक उन्हात पाहणी झाली. कोर्टाने सिमेंट फोडायला लावलं. यंत्र आलं, अर्ध्याहून जास्त फोडलं आणि बिघडून परत गेलं. उरलेल्यासाठी भामाचा अर्ज पडून आहे. पण जेवढं फुटलं, तेवढ्यातून या वर्षी पाणी वाहिलं.

परवा कमलाक्षी आली होती. दारात ती जराशी थबकली. शेषाद्रींनी काही न विचारता मला तिच्यापुढे सरकवलं. ती बसली. पाणी किती वाजता आलं, पहिल्यांदा कुठल्या बांधाशी अडलं, तिने कुदळ कुणाची मागून आणली, शेजारणीने कसं नाक मुरडलं, रोपं किती अंतरावर लावली, सगळं सांगून झालं तेव्हा दिवेलागण होत आली होती. भामाने घड्याळाकडे पाहिलं नाही.

मित्रांनो, जीपच्या दोरीने माझा एक पाय सैल झाला आहे. शेषाद्री एखादी पाचर मारतील, अशी आशा आहे. हार मला आता नको. तुमच्या घरातही अशा वस्तू असतील, ज्यांना जपायचं म्हणून कुणी हात लावत नाही. त्या खाली काढा, वापरा, मोडल्या तर दुरुस्त करा. आणि दारात कुणी थकलेलं माणूस आलं तर काय काम आहे म्हणून लगेच विचारू नका. आधी बसायला द्या. उभं माणूस अर्धंच सांगतं, आणि उरलेलं अर्धं घेऊन बाराच्या बसने निघून जातं.