ओल्या रंगावरच्या मिरच्या

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडण्याआधी जरा ऐका. मी कोरियातल्या थोंगयंग बंदरातला जुना निळा ट्रक आहे. एकोणीस वर्षं मी कालवांची पोती वाहिली. नवा होतो तेव्हा लोक माझ्या चकचकीत दारात बघून केस सारखे करायचे. पुढे पोत्यांतून गळणाऱ्या खाऱ्या पाण्यानं मला गंज चढला. माझा मालक दोल्सू मला साध्या पाण्यानं धुवायचंसुद्धा विसरला. त्याचा मला फार राग यायचा.

गेल्या शरदात त्यानं मला घरीच रंगवायचं ठरवलं. “रंगारी सगळे लुटारू!” म्हणाला. रंग उडवायचा फवारा कुणाकडून मागून आणला आणि भर वाऱ्यात अंगणात सुरू झाला. गंज घासला नाही, तेलाचे डाग पुसले नाहीत. रंगाचे ओघळ माझ्या अंगावरून घामासारखे उतरले. तेलकट जागी रंग धरेना, तिथे बारीक खड्डे पडले.

शेजारी मालसुनमावशींच्या वर्षभराच्या किमचीसाठी, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्यासाठी, मिरच्या वाळत होत्या. रंग उडून त्यांच्यावर बसला. लाल मिरच्यांवर निळे ठिपके!

“मुडद्या, आता वर्षभर तुझा रंग खाऊ काय?” मावशी कडाडल्या. त्यांनी चटई उचलली आणि सगळ्या मिरच्या माझ्या ओल्या दारावर भिरकावल्या. बिया चिकटल्या, सालं चिकटली.

“म्हातारे, गाडी नासवलीस माझी!”

“नासवलीस तूच. मी फक्त फोडणी घातली.”

दुसऱ्या दिवशी दोल्सूनं मिरच्यांचं नवं पोतं त्यांच्या दारात आपटलं. मावशींनी ते आत ओढलं आणि दार धाडकन लावलं.

दहा दिवसांनी रंग कडक झाला, तसा दोल्सू नुसत्या बोटांखाली पॉलिश पेपर धरून ओघळ घासू लागला. माझ्या अंगावर चर पडू लागले. मी कळवळलो, पण मला तोंड कुठे आहे?

कुंपणावरून मावशी बघत होत्या. त्यांची तीस वर्षं शिंपल्यांची नक्षी जडवलेल्या कपाटांचं रोगण घासण्यात गेली होती. त्यांना ते बघवेना. तरातरा आल्या नि पेपर हिसकावला.

“गाढवा, लाकडाचा ठोकळा घे! पाणी आण, साबणाचे दोन थेंब टाक. कडेला जोर देऊ नकोस, खालचा पत्रा दिसेल.”

“तुम्हाला कोणी बोलावलं, मावशी?”

“रोज खिडकी उघडली की हे ध्यान दिसतं मला. तुझ्यासाठी नाही आले.”

चार दिवस दोघं भांडत घासत होती. बिया खरवडल्या, ओघळ सपाट केले. खड्ड्यांच्या जागा मावशींनी खालपर्यंत घासायला लावल्या, तेल पुसून, वारा पडल्यावरच पुन्हा रंगवू दिल्या. तो रंगही कडक झाल्यावर शेवटी मऊ फडक्यानं पॉलिश झालं. मावशी हात धुऊन निघून गेल्या. दोल्सूनं त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

बंदरात सगळे माझ्याभोवती जमले. “कोणी केलं रे हे?”

दोल्सूनं छाती फुगवली. मला वाटलं, आता हा खोटं बोलणार.

मग त्यानं माझ्या दारावरून हात फिरवला. “शेजारच्या म्हातारीनं,” तो म्हणाला. “जीभ म्हणजे विंचवाची नांगी. पण हात... तसा हात माझ्या सात पिढ्यांत कोणाला नाही.”

मित्रांनो, आमच्यावर रंग चढवायची घाई करू नका. आधी आम्हाला धुवा, घासा, पुसा. आणि रागावलेल्या माणसानं सांगितलं तरी, बरोबर असेल तर ऐका.