ढगांची बाजू

सुमित्राबाईने पदराने काच पुसली आणि फोटो पुन्हा दारातल्या उजेडाकडे धरला. धाकट्या जावेची, मंजूची पाठ. कमरेला खोचलेला पदर, पोटऱ्यांपर्यंत चिखल, उजव्या हातात धानाच्या कोवळ्या पऱ्ह्यांची जुडी, पायांखाली बांधीच्या पाण्यात उतरलेले ढग. बाई डावखुरी, म्हणून रोवणाऱ्यांच्या रांगेत कायम शेवटी. नाहीतर शेजारणीशी कोपराला कोपर लागायचं. माणूस तेच होतं, यात शंका नव्हती. पण तोंड कुठे होतं?

आज मंजूच्या लेकीची, हर्षाची हळद. घरची रीत अशी की हळदीचं पहिलं बोट आईच्या कपाळाला, मग नवरीला. मंजू मागच्या हिवाळ्यात काविळीने गेली. जिवंत होती तेव्हा कुणी मोबाइल समोर धरला की ही पदराआड. उरला आधार कार्डावरचा फोटो, त्यात ती पकडून आणलेल्या चोरासारखी दिसते. तो लावायचा नाही, असं हर्षाने बजावलं होतं.

म्हणून गोंदियाच्या लोकेंद्रला निरोप गेला. हा पोरगा दोन पावसाळ्यांपूर्वी कॅमेरा गळ्यात अडकवून इथल्या धानाच्या बांध्याबांध्यांतून हिंडला होता. आज मोठ्या हौसेने फ्रेम घेऊन आला होता.

"रंग कुठं गेला रे बापू? राणी कलरचं लुगडं होतं तिचं."

"काकी, मी ब्लॅक अँड व्हाइटच काढतो. रील का कॅमेरा है."

"आन् तोंड?"

लोकेंद्र ओशाळला. "सगळ्या वाकूनच होत्या ना. वर पाहा म्हटलं असतं तर काम थांबलं असतं."

खरंच होतं ते. रोवताना मान वर कोण करतं? सुमित्राबाईला ती सकाळ आठवली. वारा नव्हता, आणि आभाळ अख्खंच्या अख्खं बांधीत उतरलं होतं. बायका मागे मागे सरकत होत्या, पुढे हिरव्या ओळी उमटत होत्या आणि पायांखालून ढग चालले होते. आपण जमिनीवर आहोत की नाही, याचाही विसर पडावा असं पाणी. "ढगात रोवून राहिलो व बाई आपण," मंजू म्हणाली होती. "धान पिकंल का कापूस?" साऱ्या रांगेला हसू आवरेना. जावांचं आपसात पटत नाही म्हणतात; या दोघी एका ताटात जेवायच्या. तिच्याविना हा मांडव सुमित्राबाईला खायला उठला होता.

हर्षा आतून आली. फोटोकडे बराच वेळ पाहत राहिली.

"पाठच हाय, मोठी माय. पाठीले हळद लावू का मी?"

हर्षाचा बाप देवचंद सकाळपासून उगाच काम उकरून काढत होता. त्याने फ्रेम उचलली, मागे कडी ठोकली आणि पाटासमोरच्या भिंतीवर खिळ्याला अडकवून दिली.

"भाऊजी! उलटा लावला ना तुमी!"

मांडवातल्या बायका खुसखुसल्या. देवचंद गोंधळला.

"उलटा कसा, वहिनी? ढग वरच पाहिजेत ना."

काय म्हणावं या माणसाला! कपाळावर हात मारून सुमित्राबाई पुढे झाली. तिचा हात फ्रेमपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

ढगांच्या खाली, पऱ्ह्यांच्या ओळीशेजारी, बांधीच्या पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबातून मंजू तिच्याकडे पाहत होती. सरळ, समोरासमोर. ओठ उघडे, नुकतंच काहीतरी बोलून बसल्यासारखे, आणि डोळ्यांत हसू.

"रुको काकी, मी सरळ करून देतो," लोकेंद्र लगबगीने म्हणाला.

"कायले?" सुमित्राबाईने त्याचा हात बाजूला सारला. "सरळच तर हाय. हर्षे, इकडं ये. वाटी घेऊन ये."

हर्षा आली. भिंतीजवळ गेली आणि काचेशी वाकली. देवचंदही तिच्या मागे येऊन उभा राहिला. हातोडी अजून त्याच्या हातात होती.

मग हर्षाने बोट हळदीत बुडवलं. काच थंड होती. त्या करड्या पाण्यावर, आईच्या कपाळाशी, तिने पिवळं बोट टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.