चंद्रभानचा लाल दिवा

मी एक जुना मागचा दिवा आहे. मागचा म्हणजे मोटारीच्या मागचा, उजव्या बाजूचा. पुढच्या दिव्यांचं कौतुक सगळ्यांनाच असतं. दसऱ्याला हळदीकुंकू त्यांना, झेंडूची माळ त्यांच्या मधोमध. माझ्या वाट्याला बोटांना उरलेलं कुंकू यायचं, तेही कोणाला आठवलं तर. पण मित्रांनो, रुसून बसायचा माझा स्वभाव नाही. पुढचे दिवे रस्ता बघतात आणि मी मागून येणारी माणसं बघतो. माणसं बघण्यात जास्त गंमत असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याची वाटी, चकचकीत कडं, आत इवलासा बल्ब आणि वर जाड लाल काच. माझी मोटार आधी नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या एका वकीलसाहेबांकडे होती. तिथला ड्रायव्हर रोज सकाळी मला फडक्यानं पुसायचा. सुखाचे दिवस होते, पण खरं सांगायचं तर कंटाळवाणे होते. मोटार कोर्टात जायची आणि सावलीत उभी राहायची.

सत्तर साल उजाडण्याच्या सुमारास वकीलसाहेबांनी नवी गाडी घेतली आणि आम्हाला नागपुरातल्याच महाल भागातल्या रुपरावांनी विकत घेतलं. रुपरावांचा तिखटाचा डंक होता. दिवसभर मुसळं धाडधाड मिरच्या कुटायची आणि सगळी गल्ली शिंकायची. मिरची भिवापूरची. तिच्या हंगामात रुपराव दर बाजाराला मोटार घेऊन भिवापूरला जायचे. सोबत त्यांची बायको गोपिका, कारण मिरचीची पारख तिची. मूठभर मिरच्या हातात घेऊन ती कानाशी खुळखुळवायची आणि वाळली की नाही ते सांगायची. तिच्या शब्दापुढे व्यापाऱ्यांचंसुद्धा काही चालत नसे.

परतताना मागच्या सीटवर छपरापर्यंत पोती. मग रुपरावांचा धाकटा भाऊ चंद्रभान बसणार कुठे? तो आपली फटफटी घेऊन मागून यायचा. म्हणजे माझ्यासमोर. पोत्यांमुळे रुपरावांच्या आरशात मागचं काहीच दिसत नसे. त्यामुळे चंद्रभान कसा येतो, हे मोटारीत फक्त मला ठाऊक होतं.

आणि मला एक गोष्ट ठाऊक होती, जी घरात कोणालाच नव्हती. दिवस मावळला की चंद्रभानला दिसत नसे. उजेडी तो तरणाबांड गडी वाटेतल्या बैलगाड्यांना हात करत, शीळ घालत यायचा. अंधारलं की शीळ बंद. मान पुढे काढून, डोळे माझ्यावर रोवून, मी वळलो की तो वळायचा आणि मी थांबलो की तो थांबायचा. त्याच्या फटफटीचा दिवा म्हणजे नुसता पिवळा ठिपका, त्याचा त्याला काही उपयोग नव्हता. त्याचा रस्ता म्हणजे मी होतो. इतकं मानाचं काम मला कोणी कधी दिलं नव्हतं, आणि दिलं तेही बिचाऱ्यानं न सांगता.

एकदा महालातल्या अरुंद गल्लीत एका सायकलरिक्षाचं हँडल घुसून माझी लाल काच फुटली. तशी काच बाजारात मिळेना. शेवटी दुसऱ्या कुठल्याशा गाडीची साधी पांढरी काच घासूनपुसून मला बसवली. आता लाल रंग आणायचा कुठून? गोपिकाने नात्यातल्या एका लग्नासाठी आणलेली नेलपॉलिशची बाटली काढली आणि माझ्या बल्बलाच रंग दिला. मी नटलो! बल्ब इवलासा, त्याची ऊब ती किती, म्हणून रंग टिकला. पोपडा निघाला की ती पुन्हा हात मारायची. चंद्रभानचं काम निभत होतं.

पुढे माझ्या वाटीत गंज धरला आणि माझा उजेड मंदावला. डावा दिवा तर आधीच असून नसल्यासारखा झाला होता. चंद्रभान आता फारच जवळून येऊ लागला. एका संध्याकाळी त्याचं चाक आमच्या बंपरला घासलं. घरी आल्यावर रुपराव म्हणाले, "काहून रे इतका चिटकून येतं?"

"दिवा दिसत नाही ना दादा तुझ्या गाडीचा," चंद्रभान म्हणाला. अर्धं खरं बोलून तो मोकळा झाला.

रुपराव मनाचे मोठे. दुसऱ्याच दिवशी ते ओमप्रकाशच्या मोटार-सामानाच्या दुकानात गेले आणि माझ्यासाठी दांडगा बल्ब मागितला. ओमप्रकाश म्हणाला, "ये ले जाव भाऊ. इसका उजाला दूर से दिखता." वाटीतला गंज खरवडावा, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. उजेड कमी म्हणजे बल्ब लहान, असा साधा हिशोब. गोपिकाने नव्या बल्बला रंग दिला. "अवो, हा लय तापते वाटते," ती बोट झटकत म्हणाली. रुपराव हसले. "तापू दे वं. चंद्रभानले दिसलं म्हणजे झालं."

माघातली गोष्ट. भिवापूरहून आम्ही दिवस असताना निघालो आणि उमरेड मागे टाकल्यावर रुपरावांनी दिवे लावले. मी असा पेटलो की मलाच माझा अभिमान वाटला. चंद्रभान लांबवर राहून निवांत येत होता. त्या दिवशी अंधार पडल्यावरही तो शीळ घालत होता, हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

पण माझ्या पोटात आग होत होती. बल्ब तापला, रंगाला फोड आले, वास सुटला. एकेक पोपडा गळून वाटीत पडला, आणि बघता बघता मी पांढराशुभ्र झालो. पुढे जाणाऱ्या गाडीच्या पाठीवर एकच पांढरा दिवा! चंद्रभानची शीळ थांबली. त्याने घाईघाईने हँडल डावीकडे वळवलं. पिवळा ठिपका हलला, कलला आणि रस्त्याच्या कडेखाली गडप झाला.

मित्रांनो, मला तोंड नाही. मोटार पुढेच चालली होती आणि मी मागे बघत होतो. इतका असहाय मी कधीच झालो नव्हतो.

फटफटीचा दिवा मागे आहे ना, एवढंच गोपिका अधूनमधून खिडकीतून डोकं काढून बघायची. वळणावर तिने पाहिलं आणि ओरडली, "गाडी थांबवा! भाऊजींचा दिवा दिसत नाही."

रस्ता इतका अरुंद की भरली मोटार वळवता येईना. रुपरावांनी ती उलटी चालवायला घेतली. मागचं तर त्यांना काहीच दिसत नव्हतं. म्हणून गोपिका खाली उतरली आणि माझ्या शेजारी पत्र्यावर हात ठेवून, "या, या, हळू या" म्हणत चालू लागली. आता सगळ्यांच्या पुढे मी होतो, आणि माझ्याच उजेडात ती रस्त्याची कड शोधत होती. आधी तिला एक चप्पल दिसली. मग आडवी पडलेली फटफटी. मग बाभळीखाली चंद्रभान, पाय वेडावाकडा, पण शुद्धीवर.

"काय झालं गा?" रुपराव धावत आले.

"समोरून फटफटी आली न दादा. मी तिले साइड देल्ली."

"कोणती फटफटी? रस्त्यावर कोणीच नाही."

चंद्रभानने हात वर केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "थे पाह्य ना. अजून तिथंच उभी आहे."

चार पावलांवर उभी असलेली घरची मोटार त्याला दिसत नव्हती. गोपिकाला आधी उमगलं. ती खाली बसली आणि तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "भाऊजी, तुम्हाले दिसत नाही?"

"दिवे दिसतात वहिनी," तो म्हणाला. "दिवस बुडाला का बाकी काही नाही दिसत. सांगितलं असतं तर दादानं फटफटी घेऊन घेतली असती. मग मी काय, घरात बसून राहू?"

रुपराव त्याच्या पायाशी उभे होते. त्यांनी डोळ्यांना पंचा लावला. "तुले दिसावं म्हणूनच लावला होता रे तो बल्ब," एवढंच ते म्हणाले.

पाय प्लास्टरमध्ये गेला आणि जुळला. डोळ्यांना दवाखान्यातून औषध आलं, फरक थोडाच पडला. फटफटी विकली गेली, पण चंद्रभान घरात बसला नाही. दुकानांना तिखट पोचवायचं काम तो सकाळी करू लागला. माझ्यासाठी रुपरावांनी भंगारातून खरी लाल काच शोधून आणली, गंज खरवडला आणि तोच जुना इवलासा बल्ब लावला. तेवढ्यानंच मी लखलखीत झालो. मग दिवेलागणीला त्यांनी भावाला खांद्याचा आधार देत गल्लीच्या टोकापर्यंत नेलं आणि दोघं माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. इतक्या वर्षांत रुपराव मला लाल जळताना प्रथमच बघत होते.

"आता काय दिसते, तू सांग," ते म्हणाले.

"लाल," चंद्रभान म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर तिच्या मागच्या दिव्यावरची धूळ पुसा, त्याचा गंज काढा आणि त्याला झेपेल तेवढाच बल्ब लावा. आणि तुमच्या मागून कोणी येत असेल, तर त्याला काय दिसतं ते त्याच्या शेजारी उभं राहून विचारा. तो एकदा खोटं बोलेल. रागावू नका, पुन्हा विचारा.