सात शेळ्या आणि बिस्किटाचा डबा

धुळा शेंडगेनं बायकोच्या सात शेळ्या एका बिस्किटाच्या डब्यावर देऊन टाकल्या, तेव्हा तो पूर्ण शुद्धीत होता. दारूला तो शिवत नसे. पण माणसाला चढायला दारूच लागते असं थोडंच आहे? कुणी तोंडभरून बोलणारा समोर बसला की पुरे.

धुळा सोलापुरातल्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होता. सव्वासहा फूट उंच, हाताला जड आणि डोक्यानं जरा भोळा. मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळाचं हे पोर गिरणीत लागलं आणि त्याची उंची बघूनच त्याला गिरणीच्या बास्केटबॉल संघात ओढलं. तोवर त्यानं तो चेंडू पाहिलाही नव्हता. संघाचा कप्तान होता आबासाहेब. तो मोहोळचा, बोलण्यात पटाईत. पुढं त्यानं गिरणी सोडून मोहोळला सायकलचं दुकान टाकलं, पण दोघांची दोस्ती तुटली नाही.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरींच्या कामावर एक अमेरिकन तरुण आला होता. जिम त्याचं नाव. संध्याकाळी तो मैदानावर येऊन या मंडळींना खेळ शिकवी. परत जाताना त्यानं एक बिस्किटाचा डबा आबासाहेबाच्या हातात ठेवला. डब्यात जाड कागदाची, तळहातात मावतील अशी रंगीत चित्रं होती. अमेरिकेतल्या बास्केटबॉल खेळाडूंची. पुढं फोटो, मागं उंची-वजन आणि काय काय पराक्रम. जिमनं लहानपणी चघळायच्या गोळीच्या पुडक्यातून ती एकेक करून जमवली होती. काहींना अजून त्या गोळीचा गोड वास यायचा. जाता जाता तो म्हणाला होता, की तिकडं लोक अशी जुनी चित्रं विकत घेतात, जपून ठेवा, किंमत वाढत जाईल.

एवढंच तो बोलला होता. बाकीचं सगळं आबासाहेबानं वाढवलं. दर भेटीत त्या डब्याची किंमत चढायची. आधी त्यात मोटारसायकल यायची, मग जीप, आणि अठ्ठ्याहत्तर साल उजाडेपर्यंत सोलापूरबाहेरच्या माळावर दुमजली बंगला.

"सोनं चोर नेतो, जमिनीला वाटेकरी निघतात," गिरणीजवळच्या हॉटेलात चहा फुंकत तो म्हणाला. "जनावराला तर रोगच. ह्याला काय? वीस वर्षं नुसतं ठेवायचं. ठेवलं म्हणजे वाढलं!"

"मग मला दे की," धुळा बोलून गेला.

आबासाहेबाचा चहा तोंडातच राहिला. पण एवढं बोलल्यावर आता कसा नाही म्हणणार? "देतो की. तू काय देशील?"

धुळाकडं द्यायला काय होतं? पण बायकोच्या सात शेळ्या होत्या, आणि आबासाहेबाची आई कधीपासून दारात जितं जनावर हवं म्हणून मागं लागली होती. मग दोघांनी बाजारात करतात तसा रुमालाखाली हात घातला, बोटं दाबली आणि सात शेळ्यांवर सौदा पटला. हॉटेलवाल्या चनबसप्पाला साक्षीला धरलं. इसार द्यायला धुळाच्या खिशात काही नव्हतं, म्हणून बापाच्या वेळचं चांदीचं कडं त्यानं मनगटातून काढून दिलं. इसार दिला की शब्द पक्का. देणाऱ्यानं मोडला तर इसार बुडाला, घेणाऱ्यानं मोडला तर दुप्पट परत. पुढच्या रविवारी डबा घ्यायचा आणि शेळ्या सोडायच्या असं ठरलं.

हॉटेलातून बाहेर पडून चार पावलं गेला नाही तोच धुळाची उतरली. शेळ्या आपल्या नाहीतच, हे त्याला आत्ता आठवलं.

त्या केराबाईच्या होत्या. लग्नात तिच्या आईनं एक काळी पाठ, म्हणजे तरणी शेळी, आंदण दिली होती, त्या एकीचं हे सगळं गोत. शहरातल्या खोलीत शेळ्या कुठं बांधणार, म्हणून त्या केराबाईच्या भावाकडं, बिरदेवकडं अर्धलीनं ठेवल्या होत्या. म्हणजे शेळी हिची, राखण त्याची आणि होणारी करडं निम्मी-निम्मी. मागं गिरणीला टाळं लागलं तेव्हा याच करडांनी चूल पेटती ठेवली होती. आणि हा शहाणा त्या शेळ्या चड्डीवरच्या परक्या पुरुषांवर देऊन आला होता!

सांगायचं कसं? घरी आल्यावर केराबाई जेवण वाढताना म्हणाली, "बिरदेवाचा सांगावा आलाय. काळी गाभण हाय, बांडी बी. औंदा लई करडं व्हनार बगा."

धुळानं हातातला घास खाली ठेवला. पाणी प्यायला उजवा हात पुढं केला आणि लगेच मागं घेतला. कडं नसलेलं मनगट पांढरं दिसत होतं. त्या दिवसापासून त्यानं बाही मनगटापर्यंत ओढून ठेवायला सुरुवात केली. जेवतानाही. बाहीला आमटी लागे, पण केराबाई काही बोलली नाही. उलट त्या आठवड्यात ती जरा गप्पच होती. धुळाला ते बरं वाटलं. नवऱ्यांना बायको गप्प असली की बरं वाटतं, यासारखा दुसरा अडाणीपणा नाही.

रविवारी तो 'बिरदेवला भेटून येतो' म्हणून निघाला. आबासाहेब डबा काखेत घट्ट मारून एसटी स्टँडवर उभा होता. त्याचाही चेहरा रात्रभर दाढ दुखल्यासारखा. मंगळवेढ्यापर्यंत दोघं एका बाकावर बसून खिडकीबाहेर बघत राहिले. सौदा मोडावा असं धुळाच्या मनात शंभरदा आलं, पण दोस्ताला दिलेला शब्द आपण होऊन मोडायचा म्हणजे जीभ रेटेना. आता एकच आशा. बिरदेव तापट आहे, तो लाथ घालून दोघांना हाकलून देईल. देवा बिरोबा, त्याला चांगला राग येऊ दे.

बिरदेवनं शेरडं-मेंढरं ज्वारीच्या रानाशेजारी पडीक तुकड्यात बसवली होती. त्यानं दोघांना घोंगडं अंथरून दिलं. धुळानं खाली बघत सगळं एका दमात सांगून टाकलं. बिरदेवनं डबा उघडला आणि एक चित्र डोळ्यांजवळ धरलं.

"ह्ये कोन?"

"अमेरिकेतला खेळाडू."

"आन् समदी अशी चड्डीवरच हायती?" बिरदेवनं मान हलवली. "दाजी, शेळीनं कागद खाल्लेला म्या लई बगितलाय. कागदानं शेळ्या खाल्लेल्या आज पयल्यांदाच बगतोय."

आला, राग आला! धुळाला आतून हायसं वाटलं. पण बिरदेवनं हनुवटी खाजवली आणि म्हणाला, "पर ठीक हाय."

"ठीक हाय?" दोघं एकदमच ओरडले.

"व्हय की. ह्यास्नी चारा न्हाय, पानी न्हाय, लांडग्याची भीती न्हाय. पर रीत ती रीत. अर्धलीतलं जनावर मोडून जे काय येईल, ते बी अर्धलीनंच. डबा हितं माझ्याकडं राखनीला ऱ्हानार. वाढंल ते निम्मं अक्काचं, निम्मं माझं. किती दिसात वाढतंय?"

"वीस... वीस वर्षं," आबासाहेब अडखळला.

"लई दमानं हाय. पर असूं दे, मला कुटं घाई हाय?"

रीत खरीच होती. धुळाच्या बापाच्या वेळेपासूनची. तिच्यापुढं बोलायची सोय नव्हती. म्हणजे शेळ्याही जाणार, डबाही हाती येणार नाही आणि घरी जाऊन केराबाईला तोंड दाखवायचं ते वेगळंच.

बिरदेव तर आता राखणदारच झाला होता. त्यानं अंगठा जिभेवर ओला केला आणि चित्रं मोजायला घेतली. आबासाहेबानं डोळे मिटून घेतले.

"राती दव पडतंय, तवा घोंगड्यात गुंडाळून ठेवीन," बिरदेव मोठ्या जबाबदारीनं सांगत होता. "सकाळी उनात पसरीन. वास येतुया ह्यास्नी, तवा जरा राखंनं पुसून घितो. आन् पावसाळ्यात आमी तळ हलवला की घोड्यावर बांधीन, मिठाच्या पोत्यासंगं."

"मिठाच्या?" आबासाहेबानं डोळे उघडले.

"मग? मीठ भिजून चालत न्हाय. त्येच्यासंगं ह्ये बी कोरडं ऱ्हाईल की." बिरदेवनं दुसऱ्यांदा अंगठा ओला केला.

तेवढ्यात आबासाहेबानं झडप घातली. डबा ओढून त्यानं छातीशी धरला आणि हा एवढा बोलभांड माणूस रडकुंडीला आला.

"न्हाय द्यायचा मला! धुळ्या, मला माफ कर. रोज रात्री मी हा उघडून बघतो रे. बघितल्याशिवाय झोप येत न्हाय. आठ दिवस डोळ्याला डोळा न्हाय लागला. त्या दिवशी तू 'दे' म्हणालास आणि माझं तोंडच बंद झालं. एवढ्या बढाया मारल्यावर न्हाय कसं म्हणू? आई तर शेळ्यांची नावं ठेवून बसलीय. पण मोडू दे सौदा!"

धुळा त्याच्याकडं बघतच राहिला. मग हसायला लागला. असा हसला, की शेळ्या माना वर करून बघायला लागल्या. छातीवरची धोंड कुणीतरी उचलून फेकली होती, आणि उचलली होती ती ठेवणाऱ्यानंच. "अरं, मग आदी का न्हाई बोललास? मी बी आठ दिस मेलोय!"

"तू का न्हाय बोललास?"

बिरदेवनं दोघांना अडवलं. "त्ये ऱ्हाऊं द्या. इसार घेनारानं सौदा मोडलाय. दुप्पट परत."

आबासाहेबानं खिशातून रुमालात बांधलेलं कडं काढून दिलं. आता तसलंच दुसरं कुठून आणणार? धुळा "नको, नको" म्हणत होता, पण बिरदेव ऐकेना. शेवटी आबासाहेबानं डबा उघडला. आधी एक कोपरा दुमडलेलं चित्र काढलं, मग स्वतःचीच लाज वाटून ते परत ठेवलं आणि चांगलं, कोरं, अजून गोड वास येणारं एक चित्र धुळाच्या हातात दिलं. देताना त्यावर एकदा हात फिरवला.

त्या दुपारी धुळा तीन भाकरी जेवला. शेळीचं दूध आणि ठेचा. आठ दिवसांची भूक होती. जायच्या आधी त्यानं काळीच्या पाठीवर थाप मारली. तिनं त्याची बाही चावून बघितली.

घरी पोचला तेव्हा केराबाई चुलीपुढं बसली होती. धुळानं बाही कोपरापर्यंत सारली होती. तिची नजर आधी कड्यावर गेली आणि तिचा हात पिठातच थांबला.

"कुटं हुतं ह्ये?" तिनं विचारलं.

म्हणजे तिला ठाऊक होतं! धुळानं मग सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेळ्या, डबा, रुमाल, बिरदेव, मिठाचं पोतं. ती आता लाटणं फेकून मारेल म्हणून तो दारातच उभा राहिला होता. पण केराबाईनं पिठाचे हात तसेच तोंडावर घेतले आणि ती रडायला लागली.

"केरे, अगं गेल्या न्हाईत शेळ्या. समद्या हायती. काळीला हात लावून आलोय."

"शेळ्यांचं कोन रडतंय?" ती म्हणाली. "पयल्याच दिशी बगितलं मी, हातात कडं न्हाय. म्हनलं, मटका लागला ह्यास्नी. शेजारच्या रंभाबाईच्या घरातनं असंच एकेक गेलं, आदी कडं, मग भांडी, मग मानूस. इचारायची छाती झाली न्हाय. इचारलं आन् तुमी व्हय म्हनला असता, तर?" तिनं पदरानं डोळे पुसले. पीठ सगळ्या तोंडाला लागलं. "शेळ्या गेल्या असत्या तर परत झाल्या असत्या. मला वाटलं, माजं मानूसच गेलं."

आठवडाभर धुळानं बाही स्वतःला वाचवण्यासाठी ओढली होती, आणि ही इकडं रोज त्याच्यासाठी झुरत होती. तो तिच्याजवळ जाऊन खाली बसला. उजवा हात तिच्यापुढं धरला. तिनं कडं एकदा गोल फिरवून बघितलं, खरंच तेच आहे ना म्हणून.

थोड्या वेळानं ती नाक ओढत म्हणाली, "आन् खिशात काय हाय?"

त्यानं चित्र काढून दिलं. केराबाईनं ते उजेडाकडं धरलं. हसरा, उंच, बिनबाह्यांच्या सदऱ्यातला गडी. तिनं वास घेतला.

"ह्येची किंमत वाढती म्हनं?"

"वाढती का न्हाई, कुनाला ठावं? वीस वर्सं ठेवायला लागतंय."

केराबाई उठली. भिंतीवरच्या आरशाच्या चौकटीत तिनं ते चित्र खोचलं आणि परत चुलीपुढं येऊन बसली.

"मग ऱ्हाऊं दे की," ती म्हणाली. "चारा तर लागत न्हाय."