चिमीच्या पाठीवरचे चट्टे

कवडूनं कापसाची सैलसर वात वळली, तिचं टोक चिमटीत धरलं आणि पालथ्या पडलेल्या चिमीच्या पाठीवरच्या लाल चट्ट्याला हलकेच टेकवलं.

"सांग, कुठं लागलं?"

त्याची तीन वर्षांची लेक चिमी डोळ्यांवर दोन्ही हात दाबून खिदळली. मग एक हात मागे नेऊन तिनं तो कमरेवर ठेवला.

"अथी."

चट्टा खांद्याखाली होता. कवडूनं वात पुन्हा टेकवली, या वेळी अगदी मधोमध.

"आता?"

"नाई लागलं," चिमी हसत म्हणाली.

 पोरगी खेळते आहे की तिला खरंच कळत नाही, हे विचारायची सोय नव्हती. त्यानं वात चांगल्या कातडीवर टेकवून पाहिली. तिथंही ती "नाई" म्हणाली. हायसं वाटायला हवं होतं. पण लगेच मनात आलं, आतून सगळी पाठच बधिर झाली असेल तर?

"काय करून राह्यले?"

त्याची बायको जयवंता दारात उभी होती. कवडूनं वात मुठीत दाबली.

"काई नाई. खेळून राह्यलो."

जयवंतानं त्याच्या मुठीकडं पाहिलं, चिमीला उचललं आणि आत नेलं.

ही कापसाची तपासणी कवडूला कोणी शिकवली नव्हती. ती त्याच्यावरच झाली होती. लग्नाच्या बऱ्याच आधी त्याच्या डाव्या दंडावर फिकट डाग उमटला होता. बैल हाकताना तिथं काटा रुतला आणि त्याला कळलंच नाही, तेव्हा त्याची आई मनकर्णाबाई घाबरली. मामाच्या गावाला जातो असं गावात सांगून तो वर्ध्याच्या दवाखान्यात जायचा. डॉक्टरांनी कुष्ठ सांगितलं. काही वर्षं गोळ्या दिल्या, मग त्या बंद केल्या आणि म्हणाले, "आता तू बरा आहेस. खुशाल लग्न कर. तुझ्यापासून कोणाला धोका नाही."

लग्न झालं, चिमी झाली. त्यांच्या वडनेर गावात ही गोष्ट फक्त मायलेकांना ठाऊक आहे, असं कवडू धरून चालला होता. कवडू मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा. डॉक्टरांचं म्हणणं त्याच्या डोक्यानं मानलं होतं, काळजानं नाही.

आणि आता, अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या उन्हाळ्यात, चिमीच्या पाठीवर हे चट्टे. आधी खांद्याखाली दोन आले. मनकर्णाबाईनं गर्मी उतली म्हणून कडुलिंबाच्या पाल्यानं आंघोळ घातली. ते जरा निवतात न निवतात तोच कमरेजवळ आणखी आले, मग मानेखाली. त्यांवर बारीक फोड उठले, फुटले, त्यातून पाणी वाहू लागलं. पोरगी खाजवून खाजवून रडायची. गावातल्या डॉक्टरनं दिलेलं मलम चोळून संपलं. रोज सकाळी कवडू झबलं वर करायचा आणि आज कुठं नवा निघालाय ते आधी शोधायचा.

"हिले वर्ध्याले नेऊ," जयवंता एक दिवस म्हणाली.

"वर्ध्याले कायले?" मनकर्णाबाई चुलीजवळून ताडकन बोलली. "पोट्ट्याइले फोड येतच राह्यते. पानी पडलं का आपोआप जाते."

"तिचं अंग तापून राह्यलं."

"म्या म्हटलं ना, नाई न्यायचं!"

सासूचा हा आवाज जयवंतानं आजवर ऐकला नव्हता. ती कवडूकडं वळली. कवडूनं मान खाली घातली. वर्ध्यात तीच इमारत, तीच खोली. तिथलं कोणीतरी ओळखणार, हसून विचारणार, काय कवडू, बरं चाललंय ना? आणि जयवंता शेजारी उभी असणार.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी चिमीनं पाणीसुद्धा तोंडात घेतलं नाही. ती आईच्या खांद्यावर नुसती पडून होती. कवडूनं खुंटीवरची टोपी घेतली.

"चाल," तो जयवंताला म्हणाला. "उद्याची वाट नाई पाहाची. आताच जाऊ."

जयवंतानं कपड्यांची पिशवी भरली, तांब्या घेतला. मनकर्णाबाई दारात येऊन उभी राहिली आणि ते दिसेनासे होईपर्यंत तशीच उभी होती.

दवाखान्याच्या ओसरीत कवडू भिंतीकडं तोंड करून बसला. पांढऱ्या कपड्यातला एक म्हातारा शिपाई दोनदा त्याच्याजवळून गेला. दुसऱ्यांदा तो थबकला, कवडूनं टोपी कपाळावर ओढली. पण शिपाई चष्मा पुसून पुढं निघून गेला.

आत डॉक्टरीणबाई होत्या, नव्या, तरुण. त्यांनी चिमीला टेबलावर पालथं घातलं, खिडकी पूर्ण उघडली आणि बराच वेळ नुसतं पाहिलं.

"घरात कोणाला कातडीचा काही आजार होता का? आधी कधी?"

खोलीत पंखा कुरकुरत होता. कवडूला वाटलं, नाही म्हणावं. एकच शब्द. मग त्याचं लक्ष चिमीच्या बारक्या मानेकडं गेलं. तिथल्या फोडावर माशी बसली होती आणि पोरगी ती हाकलतही नव्हती.

"मले होता," तो म्हणाला.

त्यानं बाहीचं बटण काढलं. बाही वर सरकवताना जयवंताकडं पाहायची त्याची छाती झाली नाही. डॉक्टरीणबाईंनी डाग पाहिला, त्याच्या कोपराची नस चाचपली, जुना कागद आहे का विचारलं. मग टेबलावरच्या डबीतून कापूस घेतला आणि चिमीच्या पाठीवर फिरवला.

"गुदगुल्या होते," चिमी पुटपुटली.

कवडूनं चिमीच्या मानेवरची माशी हाकलली.

"हा तो आजार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो असा फोड येऊन खाजत, वाहत नाही. हे वरून लागलेलं आहे, भाजल्यासारखं. आणि हे ताजे, हे जुने. म्हणजे पुन्हा पुन्हा लागलंय. ताप येतोय तो खाजवून पिकल्यामुळं." त्या चट्ट्याच्या मध्यावरचा तपकिरी ठिपका निरखत होत्या. "बिबा लावला होता का?"

"नाई जी," कवडू म्हणाला. "पोराले कोन लावन बिबा?"

"म्या लावला."

जयवंता भिंतीला पाठ टेकून उभी होती.

"तिळाच्या तेलात घोटून लावला. थोडाच. उतला तवा वाटलं, गुन येऊन राह्यला. म्हून अजून लावला."

बिबा उतला की कातडी भाजून फोड येतात, हे कवडूला काय ठाऊक नव्हतं? घरात कोणाच्या टाचेला भेग पडली की बिबाच लावत. पण भीतीनं त्याला एकच कारण दिसत होतं, दुसरीकडं त्याची नजर गेलीच नव्हती.

"पण का लावलात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "कशासाठी?"

जयवंतानं कवडूच्या उघड्या दंडाकडं पाहिलं.

"बिबा लावला का थो रोग लेकराले धरत नाई, असं एका बाईनं सांगतलं होतं," ती म्हणाली. "याह्यचा."

डॉक्टरीणबाई तिला रागावल्या नाहीत. त्यांनी चिमीला सुई दिली, जखमा धुऊन औषध लावलं आणि दोघांना समोर बसवून समजावलं. बापाचा आजार संपला आहे, पोरीला काही झालेलं नाही, बिबा पुन्हा घरात लहान लेकराजवळ आणायचा नाही. दोघांनीही माना हलवल्या. दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही.

परतीच्या एस.टी.त चिमी आईच्या मांडीवर पालथी झोपली. वर्धा बरंच मागं पडेपर्यंत कवडू खिडकीबाहेरची नांगरलेली वावरं पाहत राहिला.

"तुले कवापासून ठाऊक हाय?" त्यानं शेवटी विचारलं.

"लग्नाच्या आंधीपासून. ज्यानं सोयरीक जमवली, त्या नत्थूजीनं बाबाले सांगतलं होतं. म्या कुडाआडून आयकलं."

"मंग हो काऊन म्हटलं?"

"मले कोनं इचारलं होतं?"

ती रागानं बोलली नव्हती. तेच त्याला जास्त लागलं. हिंगणघाटचे दिवे दिसू लागले तेव्हा त्यानं कसाबसा आवाज काढला.

"आता इचारलं त?"

 गाडी स्टँडात थांबली. जयवंतानं चिमीला अलगद त्याच्या मांडीवर ठेवलं, कपड्यांची पिशवी खांद्याला लावली, तांब्या घेतला.

"पोरीसाठी पानी आनतो," म्हणाली आणि उतरली.

तिचं माहेर स्टँडाच्या मागच्याच वस्तीत होतं. ते कवडूला ती गर्दीत दिसेनाशी झाल्यावर आठवलं. पिशवीही तिनं नेली होती. तो खिडकीतून मान काढून पाहू लागला. नळाजवळ बायकांची दाटी होती, त्यांत तिचं लुगडं दिसेना. कंडक्टरनं घंटी मारली.

"थांबा! बाई खाली हाय!"

"किती थांबायचं, भाऊ? बोलवा तिले."

उठावं तर मांडीवर पोरगी. चार लोकांत त्यानं बायकोला कधी नावानं हाक मारली नव्हती. गाडी धक्का देऊन हलली आणि त्याच्या तोंडून नाव निघालं, फाटक्या आवाजात.

"जयवंता! अवं जयवंता!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. तो गाडीच्या पत्र्यावर थापा मारत राहिला. गाडी स्टँडाच्या फाटकापाशी पुन्हा अडखळली, दार उघडलं आणि जयवंता वर चढली. तिला धाप लागली होती, अर्धा तांब्या लुगड्यावर सांडला होता.

"सरका थोडं," ती म्हणाली. तो सरकला. "एवढ्यानं हाक काऊन मारली? लोकं पाहून राह्यले."

"भेव वाटलं मले."

तिनं बोट पाण्यात बुडवून चिमीच्या सुकलेल्या ओठांवर फिरवलं. चिमीनं झोपेतच ओठ चाटले.

"मले बी," जयवंता म्हणाली आणि उरलेल्या पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं केला.