कापलेली सात कोरी पानं

मी एक कादंबरी आहे, आणि मला राग आलाय. आधी ऐकून घ्या, मग हवं तर रद्दीत द्या.

१९३३ साली पुण्याच्या एका लहान छापखान्यात मी जन्मले. माझी नायिका रंगू. सासरी आल्यावर ती सात दिवस बोलत नाही, म्हणून माझी सात पानं कोरी, दिवसाला एक. आठव्या दिवशी ती तोंड उघडते. त्याआधी एकदा ती विहिरीत वाकून बघते, ते पान उलटं छापलंय.

मला नागावला आणलं तात्यांनी. नारळी-पोफळीची वाडी, ओटीवर झोपाळा, हातात अडकित्ता. दुपारी सबनीस मास्तर येत आणि दोघं माझा अर्थ लावत. वाचत नसत, लावत.

"कोरं पान म्हणजे निर्गुण ब्रह्म," तात्या म्हणत.

"आणि हे उलटं?"

"ती छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची डुलकी."

माझ्यात एक कावळा आहे. तो नुसता कावळा आहे. त्याच्यावर तीन दुपारी गेल्या.

आत तात्यांची नवी सून सत्यवती. नवरा भाऊ मुंबईला कचेरीत. भात शिजेपर्यंत ती मला वाचायची. उलट्या पानाशी तिने मला फिरवलं नाही. स्वतःच मान वाकवली. कोरी पानं तर सावकाश, एकेक करून उलटली.

एके दिवशी तात्यांनी सुरी घेऊन ती सातही पानं कापली. ब्रह्म कापताना तोंडातली सुपारीही थांबली नाही.

"सूनबाई, चांगला कागद फुकट जातोय. भाऊला पत्रं लिही यावर."

"मामंजी, ती पानं गोष्टीतली आहेत."

"हो का? काय लिहिलंय, वाच बघू."

"तिला कुणी काही विचारलं नाही, ते लिहिलंय."

"तात्या, तुमच्या ब्रह्मापेक्षा हे स्वस्तात पडलं," म्हणून मास्तर हसले. तात्याही हसले.

तिने त्यातला एक कागद कोराच पाकिटात घातला, वर पत्ता लिहिला आणि टपालात टाकला. मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, एवढं तरी वाचेल.

पाचव्या दिवशी उत्तर आलं: "कागद कोरा पोचला. शाई संपली असल्यास तात्यांकडून मागून घेणे."

तिने ते दोनदा वाचलं. मग सुई-दोरा घेऊन उरलेली सहा पानं माझ्यात शिवली, गोधडीच्या टाक्यांनी. दुखलं. दुखू दे.

तेव्हा माझ्या या प्रतीत रंगू सहाच दिवस गप्प बसते. ज्यांना माझा अर्थ लावायचाय त्यांनी खुशाल लावावा, पण सुरी खाली ठेवून.

आज ओटीवरून चहाची हाक आली.

"पान वाचून झालं की आणते," सत्यवती आतूनच म्हणाली.

पान कोरं होतं.